पेटीचा भाता

पेटी सापडली मंचामागच्या कोनाड्यात, जुन्या जाजमाच्या गुंडाळीखाली. मुकादमाच्या मेहुण्याने ती हाताने खूण करून दाखवली. तोंडावर मास्क असला की बोललेलं निम्मं आतच राहतं.

मुकादम शिडीवरून उतरला. पेटीच्या झाकणावर करडी भुकटी सायीसारखी बसली होती. ओल्या फडक्याने त्याने एक कोपरा पुसला. खिळ्याने कोरलेलं वेडंवाकडं फूल वर आलं. काकांची पेटी.

सभागृह कैक वर्षं बंद होतं. आता ते पाडायचं होतं, पण त्याआधी छताचा मऊ थर खरवडून काढणं भाग होतं. आवाज घुमू नये म्हणून बांधतानाच तो थर फवारला होता, आणि तो होता ॲस्बेस्टॉसचा. दारंखिडक्या प्लास्टिकने बंद करून, साबणाचं पाणी मारत, मुकादमाची माणसं तो ओलाओलाच उतरवत होती. कोरडा निघाला की हवेत उडतो, आणि हवेत उडालेला दिसत नाही.

आवाज मात्र खरोखरच घुमत नसे. म्हणून तर मुकादमाचे वडील या सभागृहावर जीव टाकायचे. सगळे त्यांना बुवा म्हणत. आठवड्यातून एकदा ते इथे उभे राहून गात गात निरूपण करायचे, आणि त्यांचे धाकटे भाऊ पेटीवर साथ करायचे. सगळ्यांचा सूर चढला, टाळ्यांचा ठेका धरला गेला, की छतावरून बारीक कण सुटत आणि दिव्याच्या झोतात तरंगत खाली येत. बुवा गाणं थांबवून म्हणायचे, "वर बघा. त्याची कृपा अशीच येते, बारीक होऊन. हात पुढे केल्याशिवाय कळायची नाही." माणसं हात पुढे करत. लहानपणी मुकादमानेही ओंजळ धरली होती.

काका छातीच्या दुखण्याने गेले. आता बुवांनाही चार पायऱ्या चढल्या की बसावं लागे. दुखणं त्यांना ठाऊक होतं, ते कुठून आलं हे ठाऊक नव्हतं. मुलाला सभागृहाचं काम मिळालं तेव्हा त्यांनी एकच मागितलं होतं : "धाकट्याची पेटी दिसली तर घेऊन ये. डोळे मिटायच्या आत एकदा तिच्यासोबत गाईन म्हणतो."

काम आटोपून, अंघोळ करून, मुकादम आणि मेहुणा बाहेर अंगणात चहाला बसले.

"दाजी, पुसून कशी आरसा केलीय बघितलंत ना? एक कण राहिला नाही बाहेरून," मेहुणा म्हणाला.

"आणि आतून?"

"आतून कोण बघायला जातंय?"

"अरे, तिला भाता आहे. ती वस्तू श्वास घेते. एवढी वर्षं तिथली हवा प्यायलीय. घरी एकदा वाजवली की सगळं घरात ओतेल."

मेहुण्याने उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "मग सांगा, उंदरांनी खाल्ली म्हणून. म्हातारा जीव, कशाला घोर लावायचा?"

"उंदरांवर आळ घेऊ?"

"ते काय कोर्टात जाणार आहेत का?"

मुकादम हसला, पण घरी जाईपर्यंत ते उंदीर त्याच्या डोक्यातून गेले नाहीत.

बुवा खिडकीशी उशीला टेकून बसले होते. "मिळाली?"

"मिळाली."

त्यांचे हात मांडीवरून आपसूक उचलले गेले. "मग? गाडीत आहे का?"

"तिथेच आहे. घरी नाही आणता येणार, बाबा."

"मोडली का रे?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मुकादम त्यांच्या पायाशी बसला.

"मोडली नाही. काकांनी ठेवली तशीच आहे. पण ते छतावरून पडायचं ना, ते..." आणि मग त्याने सगळं सांगितलं. तंतू किती बारीक असतात, छातीत कसे रुतून बसतात, किती वर्षांनी उठतात. मध्ये थांबलो तर पुढचं तोंडातून निघणार नाही, हे त्याला माहीत होतं.

बुवा उशी सोडून सरळ बसले.

"धाकट्याला तेच झालं होतं?"

"डॉक्टरांना तसंच वाटतंय."

"आणि मला?"

"तुम्हालाही."

त्यांनी स्वतःचा तळवा उघडून पाहिला. "मी लोकांना वर बघायला लावलं रे."

"तुम्हाला काय ठाऊक होतं? कोणी सांगितलंच नाही."

"त्या वरच्याला तर ठाऊक होतं." ते छताकडे नाही, खिडकीबाहेर बघत होते. "असू दे. त्याच्याशी माझं भांडण आहे, ते आमचं आम्ही बघू. पेटीचं काय करणार तुम्ही?"

"दुहेरी पिशवीत बंद करून खोल पुरतात. पुन्हा कोणी उघडू नये म्हणून."

"नीट गुंडाळ. तिचे कोपरे टोकदार आहेत, पिशवी फाटेल."

"कोपऱ्यांना चिंध्या बांधतो."

"आणि हे बघ," बुवा म्हणाले, "माझे ऐकणारे अजून आहेत. शिंपीणबाई आहे, तो कुलूपवाला आहे. त्यांच्या छात्या कोण तपासणार? बोलाव सगळ्यांना. मीच सांगतो."

"बाबा, तुम्हाला दोन वाक्यं बोलवत नाहीत."

"बोलत कुठे होतो मी कधी? गाऊनच सांगायचो."

त्यांनी डोळे मिटून नेहमीची पट्टी धरली, काळी दोन. सूर वर पोचला आणि तुटला. खोकला ओसरेपर्यंत मुकादमाने त्यांची पाठ धरून ठेवली. मग बुवांनी खालचा सूर घेतला, पांढरी एक. तो थरथरला, पण टिकला.

"इथून जमेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने पेटीचा भाता खिट्टीने बंद केला, कोपऱ्यांना ओल्या चिंध्या बांधल्या आणि पिशवी चढवली. मेहुण्याने न सांगता दुसरी पिशवी उघडून धरली. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "उंदीर निर्दोष सुटले म्हणायचे."

शिंपीणबाईच्या अंगणात, उघड्यावर, माणसं जमली. जुनी माणसं, काठ्या टेकत आलेली. बुवांजवळ कोणी पेटी घेऊन बसलेलं नव्हतं. बुवा खुर्चीतूनच गायले, खालच्या पट्टीत, दर ओळीला दम घेत. सवयीने दोघातिघांचे हात पुढे आले. बुवा थांबले, खुर्चीतून वाकले आणि त्यांनी ते हात एकेक करून आपल्या हातांनी मिटवले. मग पुढची ओळ घेतली, छाती तपासून घ्यायची.