मंजूर झालेली खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. दचकू नका, जिच्यासाठी मारामाऱ्या होतात ती मी नव्हे. मी सलूनची खुर्ची. खाली जड लोखंडी पाय, बाजूला उंची वाढवायचा दांडा, मागे डोकं टेकायला छोटी गादी. माझ्यावर बसून आजवर कोणी मोठा झालेला नाही. फार तर डोक्यानं जरा हलका झाला असेल.

कारखान्यातून मी थेट एका दुकानात आले. मालकांना सगळी गल्ली काका म्हणायची. तीस वर्षं काका माझ्याभोवती फिरले, हातानं कात्री आणि तोंडानं गप्पा चालवत. काका गेले, दुकानाला कुलूप लागलं. काकूंनी मला मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं, वर जुनी चादर घातली. पाच वर्षं मी कोळ्यांना सोबत केली.

मग शेजारच्या देशात युद्ध पेटलं. बस भरभरून माणसं आमच्या गावात आली. एका बंद पडलेल्या शाळेत त्यांची सोय झाली. त्यांचं बघायला एक एवढीशी संस्था उभी राहिली: दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सताई, त्यांची गाडी चालवणारा दीर आणि औषधांची एक पेटी. अशा छोट्या संस्थांना छोटं अनुदान मिळतं, असं कळल्यावर ताईंनी अर्ज भरला. ‘काय हवे’ या रकान्यात लिहिलं: सलूनची खुर्ची, आरसा, कात्र्या.

अनुदानाच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला. तो किस्सा ताईंनी पुढे माझ्यासमोर दहादा तरी सांगितला असेल.

“ताई, ब्लँकेटं मागा की. लढाईतून जीव वाचवून आलेल्यांना केस कापायची खुर्ची?”

“ब्लँकेटं पोचली, साहेब. एकेकाला दोन-दोन. पण इथे एक मुलगी आहे, तिकडे तिचं स्वतःचं सलून होतं. दोन महिने हातावर हात ठेवून भिंतीकडे बघत बसलीय. तिला तिसरं ब्लँकेट देऊ का?”

पंधरा दिवसांत अर्ज मंजूर झाला.

तेवढ्या पैशांत नवी खुर्ची बसेना, म्हणून ताई काकूंकडून मलाच विकत न्यायला आल्या, सोबत त्या मुलीलाच घेऊन. काकू अडून बसल्या. “भंगारात तर घालणार नाही ना?”

मुलीनं चादर ओढली, दांडा दोनदा दाबला. मी कुरकुरले.

“तेल हवंय,” ती म्हणाली.

गावात आल्यापासून ती आपणहून बोलली, ती पहिल्यांदा. काकूंनी आतून काकांचा वस्तरा आणला आणि तिच्या हातात ठेवला.

शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत मी उभी राहिले. पहिल्या दिवशी कोणी फिरकलंच नाही. शेवटी ताईच येऊन बसल्या. “काप गं. चाळीस वर्षं एकच अंबाडा बांधतेय. मान तरी मोकळी होऊ दे.” दुसऱ्या दिवशी दारात रांग!

रांगेत नव्हते ते फक्त त्या मुलीचे सासरे. त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, लढाईवर गेला होता. कित्येक महिने निरोप नव्हता. तो भेटेपर्यंत दाढीला हात लावायचा नाही, असं म्हाताऱ्यानं ठरवलं होतं. पण राहण्याचा परवाना काढायला गेल्यावर कारकुनानं जुन्या ओळखपत्रावरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “हे तुम्ही नाहीच.” परवाना नाही म्हणजे सरकारी दवाखान्यातून रक्तदाबाची औषधं नाहीत. ताईंनी समजावलं, दिरानं समजावलं. म्हातारा हटेना.

मग सूनच म्हणाली, “बाबा, तो आला आणि त्यानंही तुम्हाला ओळखलं नाही तर?”

म्हातारा उठला आणि माझ्यावर येऊन बसला.

एक गाल मोकळा झाला, दुसरा झाला. हनुवटीपाशी तिचा हात थांबला. फेसाखालून तिच्या नवऱ्याचीच हनुवटी निघाली होती, मधोमध खळी असलेली. तिनं माझी पाठ घट्ट धरली. वाटलं, ही आता वस्तरा टाकून पळते.

सासरे आरशातून म्हणाले, “त्याची अशीच आहे ना? माझ्या बापाचीही अशीच होती. ही खळी आमचं घर सोडून कुठे जात नाही, पोरी. कर पुरं.”

तिनं पुरं केलं. एवढासाही ओरखडा नाही.

परवाना मिळाला. मुलाचा निरोप मात्र अजून नाही.

आता तिनं बाजारात भाड्यानं दुकान घेतलंय. मला न्यायला ताईंचा दीर गाडी घेऊन आला, तर तीच म्हणाली, “हिला इथेच राहू दे. परवा आणखी एक बस आलीय.” वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दर मंगळवारी ती येते, नव्या मुलींच्या हातात कात्री देते आणि मला तेलही घालते.

तुमच्यापुढे कधी असा छोटासा अर्ज आला आणि त्यातली वस्तू फालतू वाटली, तर हसण्याआधी एक फोन करा. कोणासाठी हवीय, एवढंच विचारा.

बरं, पुरे आता. एक बाई आत आलीय. केसांत प्रवासाची धूळ आहे, पिशवी छातीशी गच्च धरलीय. बसलीय माझ्यावर, पण अगदी कडेला. पाठ काही टेकत नाही.

बसू दे तशीच. मला कुठे जायचंय?