माझ्या अंगावरच्या खोट्या खाचा

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. मालाडच्या खाडीकाठी, कोळीवाड्यासमोरच्या चिखलात उभा आहे. अंगाला वरपासून कमरेपर्यंत भेग पडली आहे. डोक्यावर बगळा येऊन बसतो, घाण करतो आणि उडून जातो. आता त्याचा रागही येत नाही. पण तुम्ही थांबलाच आहात, तर माझं ऐकून जा.

माझा मालक लहू कोळी. त्याच्या वडिलांनी मला आणलं तेव्हा मी हिरवा आणि ताठ होतो. त्यांनी मला माशाचं तेल चोळून चोळून पिवळंधमक केलं. माझी कामं दोन. होडी ढकलायची आणि तळ सांगायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, की दुसऱ्या दिवशी भरतीला म्हातारा होडी बांधायच्या जागी मला पाण्यात सोडायचा. नुसतं तळाला टेकवायचा, दाबायचा नाही. अंग जिथवर ओलं होईल, तिथं कोयत्याने एक खाच पाडायचा. पहिली खाच त्याच्या छातीएवढी उंच होती. "माणूस खोटं बोलेल, बांबू नाही बोलणार," असं तो म्हणायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

तळाशी राहून राहून मला या खाडीला मिळणारी नदी कळली. दिंडोशीकडच्या डोंगरात ती उतारावरून येते, तेव्हा तिच्या अंगात भारी जोर असतो. माती खरवडते, दगड गडगडवत आणते. खाली उतार संपतो तसा जोर ओसरतो. मग ती आधी दगड टाकते, नंतर वाळू. आमच्यापर्यंत येईस्तोवर तिच्यापाशी पिठासारखा गाळ तेवढा उरतो. दमलेली बाई ओझं खाली ठेवते, तसाच तोही ती इथं ठेवते. मी तिला दोष देत नाही. दमणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

वळणावर तिची दोन रूपं. बाहेरच्या काठाला पाणी धावतं आणि काठ पोखरतं. आतल्या काठाला ते रेंगाळतं आणि गाळ टाकतं. म्हातारा गेला, आणि होडी, माप सगळं लहूकडे आलं. होडी बाहेरच्या काठाला असायची. एका पावसाळ्यात तिथला काठ ढासळला आणि होडी बांधायचा खुंटच वाहून गेला. लहू वैतागला. जरा खाली नदी उलट वळते, तिथल्या आतल्या काठाला त्याने होडी नेली.

"इथं पाणी कसं झकास शांत आहे," तो बायकोला म्हणाला.

"शांत आहे म्हणूनच मला भ्या वाटतं," सोनूबाई म्हणाली.

झालं तसंच. दुसऱ्या वर्षी खाच कमरेला आली, तिसऱ्या वर्षी मांडीला. चौथ्या वर्षी लहूने मला टेकवलं, क्षणभर पाहिलं आणि दोन्ही हातांनी खाली दाबलं. मी मऊ गाळात खचाखच रुतलो. पाणी पुन्हा कमरेएवढं दिसलं आणि त्याने तिथं खाच पाडली. पुढची पाच वर्षं हेच. मित्रांनो, ओझ्याने मी कधी कुरकुरलो नाही, पण त्या खाचांची मला लाज वाटायची. म्हाताऱ्याचा शब्द माझ्याच अंगावर खोटा पडला होता.

मग ही नारळी पौर्णिमा आली. लहूची मुलगी रोशनी मरोळला नोकरीला आहे. तिने आधीच बजावलं होतं, "बाबा, तुझे गुडघे गेलेत. या वेळी होडी निघाली नाही तर विकून टाकायची." लहूने मान डोलावली होती. पौर्णिमेचं उधाण भरलं, शेजारच्या होड्या गेल्या, आणि आमची चिखलावर बसून राहिली. लहूने मला टेकू देऊन सगळा जोर लावला. होडी हलली नाही. मी मात्र कडकन तडकलो.

सोनूबाईने मला उपसून काढलं, पदराने पुसलं आणि निरखून पाहिलं. खाचा कमरेला होत्या, पण काळा चिखल पार मांडीच्या वर चिकटला होता.

"अवो, पाणी मोजलंत की गाळ?" तिने विचारलं.

लहू खाली बसला. "दर वर्षी खाली उतरणारी खाच बघवत नव्हती गं," तो म्हणाला.

"मग पाणी थांबलं का तुमच्यासाठी?" असं म्हणून ती घमेलं आणायला गेली.

तिने नदीचाच स्वभाव कामाला लावला. ओहोटीला होडीपासून नदीच्या मधल्या धारेपर्यंत ती, लहू आणि सणाला आलेली रोशनी अशा तिघांनी एक अरुंद चर खणला. भरतीचं पाणी चिखलावर पसरलं आणि परतताना सगळं त्या चरातून धावत सुटलं. धावलं तसं त्याने चर आणखी खोल केला. रोज थोडं ते तिघं खणत होते, उरलेलं पाणी खणत होतं. चौथ्या दिवशीच्या भरतीला होडी हलली, डोलली आणि बाहेर पडली. रोशनी चिखलात बसून रडली. होडी विकायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

परत आल्यावर लहू मला घेऊन होडी बांधायच्या, नेहमीच्या मापाच्या जागी गेला. या वेळी त्याने मला हलकेच टेकवलं. पाणी पोटरीएवढंच होतं. तिथं त्याने खाच पाडली आणि त्या खाचेवरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिला. खोट्या खाचा त्याने तासल्या नाहीत. मग त्याने मला चराच्या तोंडाशी खुणेला रोवलं.

आता माझ्याही आडोशाला पाणी रेंगाळतं आणि माझ्या पायाशी ओंजळ ओंजळ गाळ ठेवून जातं. चर पुन्हा भरतोय, ते मला पायाला कळतं. माझा आवाज लहूपर्यंत जात नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. गाळ दर भरतीला येतो, त्याला सुट्टी नाही. घमेलं घेऊन वर्षातून एकदा तरी या, आणि माप घेताना मला दाबू नका. मी थकलोय रे, पण अजून खरं सांगू शकतो.