हात पुरेल इतक्यावर

भाचीला समुपदेशक व्हायचं होतं. चांगल्या नोकरीचा राजीनामा लिहून तयार होता, फक्त द्यायचा राहिला होता, आणि त्याआधी तिला कुणाकडून तरी खरं उत्तर हवं होतं. एका मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, तर ते म्हणाले, तुला स्वतःला काय वाटतं? दुसऱ्या बाईंनी, हा प्रश्न तुला आत्ताच का पडला असेल, असं विचारून तासभर तिचंच ऐकून घेतलं. या लोकांना साधं हो-नाही म्हणायला जीभ रेटत नाही की काय, असं पुटपुटत ती शेवटी मावशीकडे आली.

मावशीचं सगळं आयुष्य याच कामात गेलं होतं. सल्ल्यासाठी आलेला त्या दिवशीचा शेवटचा माणूस गेल्यावर तिने भाचीला आपल्या खोलीत समोरच्या खुर्चीत बसवलं आणि सवयीने तोंड उघडलं, तोच भाची म्हणाली, "मावशी, तू प्रश्न विचारायचा नाहीस. उत्तर द्यायचं."

मावशीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मधल्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, त्याकडे ती बघत राहिली. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी सांगायची, रडणाऱ्याच्या हातात रुमाल कोंबायचा नाही. त्याला वाटतं, पुरे झालं, आता डोळे पूस. डबा हात पुरेल इतक्यावर सरकवायचा आणि गप्प बसायचं. भाचीही तिच्याच वर्गात हे शिकली होती.

"तुझे बाबा गेले, तेव्हा ताई माझ्या घरी आली होती," मावशी म्हणाली. "ओट्याला टेकून रडायला लागली. मी काय केलं असेल? रुमाल तिच्याजवळ सरकवला आणि समोर बसले. सख्खी बहीण माझी. तिला जवळ घ्यायचं मला सुचलंच नाही."

रडून झाल्यावर ताईने तोंड धुतलं, छान ऐकून घेतलंस हो, म्हणाली आणि गेली. पुन्हा काही ती मावशीपुढे रडली नाही. पुढे जिवावरचं दुखणं आलं, तेही तिने मावशीला कळू दिलं नाही.

"मी विचारलं होतं आईला, मावशीला कळवू का," भाची हळूच म्हणाली. "नको म्हणाली. ती नुसती ऐकून घेत बसेल, म्हणाली."

हे मावशीला ठाऊक नव्हतं. काम चांगलं आहे गं, माणसं पुन्हा उभी राहताना दिसतात, पण ते आपल्या मागोमाग घरी येतं, एवढं ती कसंबसं बोलली. मग तिचा बांध फुटला. इतक्या वर्षांत या खोलीत ती पहिल्यांदाच रडत होती.

भाचीचेही डोळे भरून आले. ती खुर्चीत जराशी पुढे झाली. आता ही उठेल, आपल्याला जवळ घेईल, असं मावशीला वाटलं, आणि तिला ते फार हवं होतं.

भाचीने डबा अलगद मावशीच्या हाताशी सरकवला, आपले हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसली.

मावशीने एक रुमाल ओढून डोळे पुसले.

"दे राजीनामा," ती म्हणाली. "जमेल तुला."