उघडं राहिलेलं नाव

मक्याच्या शेतांवरून दुपारचा वारा यायचा आणि ऑस्ट्रम बाईंच्या स्वयंपाकघरातला पडदा फुगून आत यायचा, पुन्हा बाहेर जायचा. त्याच्याकडे बघता बघता टिलीला डुलकी लागे. मग पन्नाशीची टिली दहा वर्षांची होई आणि समोर खुर्चीत बसलेल्या बाई पुन्हा फळ्यापाशी उभ्या राहत.

नेब्रास्कातल्या त्या एका खोलीच्या शाळेत बाईंनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वाक्यातला कर्ता शोधायची त्यांची तऱ्हाच न्यारी. प्रत्येकाला मूठभर मक्याचे दाणे द्यायच्या. "आधी काय घडतंय ते बघा. मग विचारा, कोण करतंय? बाकीचे सगळे शब्द दाण्यांनी झाका!" एकदा वाक्य होतं, 'नदीकाठच्या घोड्यांचा म्हातारा मालक परत आला.' टिलीने मालकाला झाकून घोडे तेवढे उघडे ठेवले.

"टिली, घोडा दिसला की तू चढलीसच!" बाई म्हणाल्या, आणि अख्खी शाळा खिदळली.

आता बाईंची वाचा गेली होती. मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्या दिवसभर वर्तमानपत्रावर डाव्या हाताने मक्याचे दाणे मांडत बसायच्या. त्यांचा भाचा क्लेटन, टिलीच्याच वर्गातला, आला की ते बघून मान हलवायचा.

"कोंबड्यांना टाकल्यासारखे दाणे टाकत बसते. आत्याला काही कळत नाही गं आता. वृद्धाश्रमात जागा झालीय. गुरुवारी न्यायचं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"डॉक्टर म्हणतात. सगळेच म्हणतात. वेळच तशी आली, टिली."

टिलीचा जीव तुटला. या खिडकीपासून उचलून नेलं तर बाई महिनाभरसुद्धा काढणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण बाईंना सांभाळायला पगारावर ठेवलेल्या टिलीचं कोण ऐकणार?

बुधवारी दुपारी डुलकीतून जागी झाली, तेव्हा तिची नजर त्या कागदावर गेली. ओळीमागून ओळ दाण्यांनी भरली होती, पण दर वाक्यातला कर्ता तेवढा उघडा होता. शेरीफ. गारा. पाद्रीबाबांची बहीण. टिली ताडकन उठली. हा चाळा नव्हता. बाई शाळा भरवून बसल्या होत्या, आणि पाच महिने वर्गात कोणीच नव्हतं! तिला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या कोणाला नाही तरी तिला हे ओळखू यायला हवं होतं.

तिने क्लेटनला बोलावून घेतलं. तो आला आणि डोक्यावरची टोपीही न काढता बसला. टिलीने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहून बाईंपुढे ठेवलं. 'उद्या न्याहारीनंतर ऑस्ट्रम बाईंना या घरातून क्लेटन घेऊन जाणार आहे.'

"हा काय पोरखेळ मांडलायस?" क्लेटन म्हणाला.

बाई बराच वेळ वाचत राहिल्या. पडदा आत आला, बाहेर गेला. मग त्यांनी 'उद्या'वर दाणा ठेवला. न्याहारी झाकली, जाणं झाकलं. घरावर दाणा ठेवताना हात जरा थबकला. मग त्यांनी स्वतःचं नाव झाकलं. कागदावर एकच नाव उघडं राहिलं.

क्लेटनने वाडग्यातला एक दाणा उचलला आणि गुपचूप स्वतःच्या नावावर ठेवला. बाईंनी तो काढला. त्याने पुन्हा ठेवला. त्यांनी पुन्हा काढला, आणि या वेळी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. तिसरीतल्या क्लेटनकडे बघायच्या तसंच.

त्याने टोपी काढली. "डॉक्टरांनी फक्त विचारलं होतं, घरी बघणारं कोणी आहे का," तो खाली बघत म्हणाला. "मी 'कोणी नाही' म्हणालो."

तो उठून भिंतीवरच्या फोनपाशी गेला आणि त्याने वृद्धाश्रमाचा नंबर फिरवला.

"उद्या गाडी पाठवू नका. नाही, डॉक्टरांनी नाही सांगितलं." मागे बाई एकेक दाणा वाडग्यात परत टाकत होत्या. "मी नको म्हणतोय. मी. क्लेटन."