साठ गाड्या

गाडी १. डावीकडून आत शिरायचं, सीटचे डावे दोन बोल्ट आवळायचे, सरपटत पलीकडे जायचं, उजवे दोन आवळायचे, उजव्या दारातून बाहेर. वळसा घालून परत. उजवी बाजू माझी नाही, लूथर टिबेटची. पण मिनिटाला एक गाडी येते आणि लूथर कुंपणाच्या भोकातून रस्त्यापलीकडे गेलाय.

गाडी ४. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत प्रत्येक पट्ट्यावर हे चालतं. अर्धा तास एक जण दोघांचं काम करतो, दुसरा मागे खोक्यांवर आडवा होतो. मग अदलाबदल. फोरमनला कळू द्यायचं नाही, एवढाच नियम. आज अर्ध्या तासाचा एक तास झाला, कारण सिटी बसच्या डेपोत ड्रायव्हरची मुलाखत साडेदहालाच होती आणि

गाडी ५.

आणि लूथरने रजा मागितली तर फोरमन डॉयल म्हणाला होता, "आजी मेली का? ती तर मार्चमध्येच मेली ना रे?" लूथरवर दोन लेखी ताकिदी आहेत. तिसरी म्हणजे गेटबाहेर.

"कझिक, जमेल ना म्हाताऱ्या?" जाताना त्याने विचारलं.

"तू जन्मला नव्हतास तेव्हापासून आवळतोय. पळ."

गाडी १९. गुडघा.

गाडी २०. गुडघा.

गाडी ३१. डॉयल आला. सोबत टाय लावलेला एक माणूस, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ.

"टिबेट कुठाय?"

"संडासला."

"बरं. चालू दे तुझं."

मला वाटलं, सुटलो.

गाडी ३४. ते हलले नाहीत. मी आत शिरलो की टिक. बाहेर आलो की टिक.

गाडी ३६. मग कळलं. चारही बोल्ट वेळेत बसले, तर सोमवारपासून इथे एकच माणूस. लूथरची जागा गेली. बोल्ट सुटला, तर पट्टा थांबणार, लूथरला शोधणार, ताकीद तिसरी.

गाडी ३७. टिक.

गाडी ३८. हळू करायचं ठरवलं. हातांना हळू येत नाही. एकोणतीस वर्षांत त्यांना कुणी शिकवलंच नाही. पाना स्वतःच बोल्ट शोधतो, मी फक्त मागून

गाडी ३९. टिक.

गाडी ४४. शेवटचा उजवा बोल्ट मुद्दाम सोडला आणि बाहेर आलो. निदान 'एकट्याला जमत नाही' असं तरी कागदावर येईल. लूथरचं पुढचं पुढे. गाडी चालली. दहा फूट. पंधरा. सैल सीट. कुणीतरी त्यावर बसून मुलांना शाळेत सोडणार.

धावलो. पान्याची हवेची नळी ताणून ताणून पोचलो, आवळला, धावत परत आलो. गाडी ४५ समोर येऊन पोचलीच होती. तीही झाली.

टायवाला हसला. लिहिता लिहिता डॉयलला म्हणाला, "धावाधाव करूनही पाच सेकंद उरतात."

"जुना माणूस आहे," डॉयल म्हणाला. कौतुकाने. तेच लागलं.

गाडी ५२. ते गेले.

गाडी ६०. जेवणाची घंटा.

लूथर आला. पँटवर कुंपणाचा गंज. माझ्याकडचं अर्धं सॉसेज न विचारता उचललं.

"जागा एक, माणसं चाळीस," तो म्हणाला. "ती एक साहेबाच्या मेहुण्याला. जाऊ दे. इथे आहेच की आपली. दुपारी तू पड खोक्यांवर, मी दोन्ही बाजू बघतो."

"नको."

"रुसलास काय बायकोसारखा?"

"डॉयल आला होता. घड्याळवाला घेऊन. वीस मिनिटं उभे होते."

त्याचं चावणं थांबलं. "मी कुठाय विचारलं?"

"विचारलं, पण त्यांना तू नको होतास. मला एकट्याला मोजत होते."

त्याने माझ्या हातांकडे बघितलं.

"किती सुटले?"

"एकही नाही."

"एकही नाही?"

"एक सोडला होता. मग धावत जाऊन आवळला."

लूथर हसायला लागला. हसता हसता त्याने उरलेलं सॉसेज कागदात गुंडाळून परत माझ्या डब्यात ठेवलं. "शाबास, म्हाताऱ्या," तो म्हणाला.

घंटा. पट्टा हलला.

गाडी ६१. डावे दोन आवळले. इथे थांबायचं होतं. हात सवयीने उजवीकडे सरकला. तिथे लूथरचा हात होता.