पानाबाईचा नियम

मी ज्ञानचंद, कामरगावचा जडीबुटीवाला. लोक पाठीमागे पालेवाला म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. बाप गेला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तेव्हापासून चाळीस वर्षं एकाच गादीवर बसून मी लोकांना विसरण्यावरची औषधं विकली. मॅट्रिकची परीक्षा जवळ आली की आया ब्राह्मीसाठी यायच्या, पोरगं उशिरा बोलायला लागलं की वेखंडाचा तुकडा मागायच्या. मास्तर लोक शंखपुष्पी न्यायचे, झोप उडालेले जटामांसी. पुडी बांधताना मी प्रत्येकाला बजावायचो, धीर धरा, चार दिवसांत गुण येत नसतो. माझ्या स्वतःच्या अंगात मात्र धीर नावाला नव्हता.

दुकानात बहात्तर खण होते आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. गरजच नव्हती. कुठल्या खणात काय आहे, कोणता माल अमरावतीहून कधी आला, कशाला कीड लागायला आली, हे सगळं माझी बायको पानाबाई हिच्या डोक्यात असायचं. मी गादीवरून हाक मारायचो आणि ती आतल्या घरातून, भाकरी थापता थापता, कितव्या रांगेतला कितवा खण ते सांगायची. गिऱ्हाइकं म्हणायची, शेटजी, बाई काय खातात तेच आम्हाला द्या. मी गालातल्या गालात हसायचो. इतकी हुशार बायको मिळाली यात माझं काही कर्तृत्व असल्यासारखा.

चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात तिनं नानाजी पाटलाला ब्राह्मी म्हणून सोनामुखी बांधून दिली. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचं पोरगं पुस्तक टाकून टमरेल घेऊन धावत होतं. नानाजी दुकानात येऊन तणतणला, आणि मी चार माणसांदेखत पानाबाईवर खेकसलो. ती खणाकडे बघत राहिली.

"मले वाटलं तोच खण हाये," एवढंच ती म्हणाली.

पुढं भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. मग ती मंदिरातून घरी यायची वाट चुकली. दोनशे पावलांची वाट. आमची सून तारामती हिला ती भंवरी म्हणू लागली. भंवरी तिची बहीण, वारून वीस वर्षं झालेली. तारामतीनं कधी चूक दुरुस्त केली नाही, भंवरी म्हणून ओ देत राहिली. मी मात्र चिडायचो. चिडायचो कारण मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे सांगायची मला सवय नव्हती.

औषध घरचंच. ओल्या ब्राह्मीचा रस काढून गाईच्या तुपात कढवला, त्यात वेखंडाची चिमूट, शंखपुष्पीचं चूर्ण. तीन महिने स्वतःच्या हातानं दिलं. तुपानं तिची कांती तेवढी तुकतुकीत झाली. शेवटी आषाढात कारंज्याहून इंद्रभान वैद्यांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"औषध बरोबर हाये, शेटजी," ते म्हणाले. "पण अनुपान चुकून राह्यलं. कफ दाटला हाये, तुपानं अजून दाटते. मधात द्या."

आम्ही जैन, आमच्यात मध वर्ज्य. एका थेंबामागं किती जीव जातात ते आम्हाला लहानपणापासून शिकवतात. माझ्या दुकानात मध कधी आला नाही. कोणी मागितलाच तर मी समोरच्या कडुलिंबाकडे बोट दाखवायचो. तिथं तांड्यावरची रूपला डबा घेऊन बसायची. औषध माझं, मध तिचा, आणि पाप तिचं, असा माझा हिशेब चाळीस वर्षं सुखानं चालला होता.

पण पानाबाईचं तसं नव्हतं. नवव्या वर्षी कारंज्याच्या मंदिरात मुनिमहाराजांपुढं तिनं जन्मभर मध न खाण्याचा नियम घेतला होता. आमच्या मुलाच्या, अजितच्या बाळंतपणात ताप डोक्यात गेला, सुईणीनं मधातलं चाटण आणलं, तेव्हा तिनं ओठ मिटून वाटी सारली होती. मग माझं मनगट धरून म्हणाली होती, "मी सुदीत नसली तरी मध माह्या तोंडात जाऊ देऊ नका. तुमी ध्यान ठेवजा." मी हो म्हटलं होतं.

आता तिला नियम आठवत नव्हता. मला आठवत होता. आठ दिवस मी या एका गोष्टीशी झुंजलो. नियम पाळावा तर माझ्या डोळ्यांदेखत ती दिवसेंदिवस नाहीशी होत होती, आणि मोडावा तर तो माझा नव्हताच. नवव्या दिवशी तिनं मला विचारलं, "तुमी दुकानात कामाले हा काय?" त्याच दुपारी मी लिंबाखाली गेलो.

रूपला माझ्याकडे बघतच राहिली. "शेटजी, तुमाले? कायले पायजे?"

"दे म्हणलं तर दे," मी म्हणालो.

सकाळी मी चूर्ण मधात कालवून तिच्यापुढं धरलं. तिनं चाटलं आणि मुलीसारखी हसली. "गोड हाये," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून तोंड उघडलं. तारामतीला वास आला असणार. मी चमचा हातात घेतला की ती चुलीकडे तोंड करून उभी राहायची.

बावीस दिवस झाले. श्रावण संपत आला होता. त्या सकाळी मी वाटी घेऊन आत गेलो तर पानाबाई केस विंचरून बसली होती.

"जटामांसी संपली असंन," ती म्हणाली. "खालून दुसरी रांग, कोपऱ्यातला खण. अमरावतीले चिठ्ठी टाकली का?"

मी जाऊन खण उघडला. रिकामा होता. मी परत आलो, तिच्याजवळ बसलो, आणि आनंदानं इतका भांबावलो होतो की सवयीनं चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं चाटलं. मग तिची जीभ थांबली.

"हा मध हाये," ती म्हणाली.

मी वाटी खाली ठेवली.

"किती दिस झाले?"

"बावीस."

तिनं पदरानं ओठ पुसले. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"मले इचारायचं तं होतं."

"इचारलं असतं तं तू नाई म्हणली असती."

"हो," ती म्हणाली. "नाईच म्हणली असती." मग वाटी बाजूला सारत म्हणाली, "तुमाले ध्यान ठेवजा म्हणलं होतं मी."

मी वैद्यांवर ढकललं. कफ, अनुपान, शास्त्र, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. त्या दिवशी तिनं उपास धरला आणि पाण्यालाही शिवली नाही. माफी माझ्या ओठांवर आली होती. पण मनात म्हटलं, आता ती परत आली आहे, घाई कशाला? भाद्रपदात क्षमेचा दिवस येतोच आहे. त्या दिवशी आम्ही वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकापुढं हात जोडतो, सासू सुनेपुढं, शेट हमालापुढं. त्या दिवशी रीतसर मागू. रोजच्या दिवशी बायकोपुढं हात जोडायला मला संकोच वाटला. खरं तेवढंच आहे.

दुसऱ्या सकाळी तिनं मला ओळखलं नाही.

मध मी बंद केला. डबा नाल्याकाठी नेऊन मातीत रिकामा केला. तुपातलं औषध पुन्हा सुरू केलं, दिवसातून चार वेळा, सहा वेळा, माप वाढवून. मी तिच्याजवळ बसून खणांची नावं घ्यायचो, ती माझ्या तोंडाकडे पाहायची. मला तिनं आयुष्यभर आठवण ठेवावी असं आता वाटत नव्हतं. फक्त माफी मागायला एका सकाळपुरती ती हवी होती.

भाद्रपद वद्य प्रतिपदा उजाडली. पर्युषण पर्वाचे दहा उपास संपले होते. मंदिरातून माणसं घरोघर निघाली. पानाबाई पांढरं लुगडं नेसून ओसरीवर बसली होती, आणि येईल त्याला हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणत होती. तेवढं तिच्यात शिल्लक होतं. माणसं पांगल्यावर मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "उत्तम क्षमा."

तेवढ्यावर उठता आलं असतं. रीत पुरी झाली होती. पण ती क्षमा दुधवाल्यालाही मिळाली होती, रस्त्यानं जाणाऱ्यालाही. मी तारामतीला आत जायला सांगितलं आणि सगळं बोललो. लहानपणचा नियम, बाळंतपणातला शब्द, बावीस दिवसांचा मध. ती मन लावून ऐकत होती.

"कोनाले चारला म्हणता?" तिनं विचारलं.

"तुले" म्हणायचं होतं. पण तिचे डोळे परक्यासारखे माझ्यावर होते, आणि तो शब्द माझ्यानं निघेना.

"माह्या बायकोले," मी म्हणालो.

ती थोडी पुढं सरकली. "तिले समजलं का?"

"एक दिस समजलं होतं."

"मंग त्याच दिसी काहून नाई मागतली माफी?"

तिनं माझ्या जोडलेल्या हातांवर हलकेच हात ठेवला.

"माह्याजवळ मागून काय होते, भाऊ?" ती म्हणाली. "घरी जा न तिच्यापाशी. आजचा दिस हाये, वाट पाहून राह्यली असंन ते."

मी तसाच बसून राहिलो, आणि ती मला उठून घरी जायला सांगत राहिली.