बाबांचा ळ

बाबांना ळ म्हणता येत नसे. फळवाल्यापुढे उभं राहून "केलं द्या" म्हणाले की तो मिश्कीलपणे विचारी, "काय केलं, आजोबा?" घरात कुणी हसत नसे. बाबा काला म्हणाले की आपण काळा ऐकायचं, हे लेकीच्या अंगवळणीच पडलं होतं.

लेक जुन्या नोंदींच्या कार्यालयात कारकून. आठ दिवसांवर बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आलं होतं आणि त्यांनी एकच घोशा लावला होता, आधी ताई भेटली पाहिजे. सत्तर वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा सहा वर्षांच्या बाबांना मामाने नेलं, थोरल्या बहिणीला मावशीने. मामाने गाव बदललं आणि भावाबहिणीची ताटातूट झाली ती झालीच.

लेकीच्या जिवाला चैन नव्हती. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती रजिस्टरं उपसत बसे. माहेरच्या आडनावाखाली आत्या कुठेतरी सापडायलाच हवी होती. पण नाव नाही, निशाण नाही. घरात पाऊल टाकलं की बाबा दारातच विचारत, "मिलाली का?"

"नाही हो, बाबा. तुमचं आडनाव तरी शाळेत धड लिहिलं होतं का?"

"न लिहायला काय झालं? मामाला कुठे लिहितावाचता येत होतं? मास्तरांनी मलाच विचारलं. मी खणखणीत सांगितलं!"

एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती उभीच राहिली. पोराने खणखणीत सांगितलं आणि मास्तरांनी ऐकलं तसं लिहिलं! बापाचा शब्दाशब्दातला ल तिने जन्मभर सुधारून ऐकला, आणि स्वतःच्या आडनावातला तेवढा खरा मानून त्याच आडनावाने सह्या ठोकत आली. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी कार्यालय उघडताच तिने ळ घालून आडनाव शोधलं. पहिल्याच फायलीत आत्याचा अर्ज निघाला, चार वर्षांपूर्वीचा. धाकट्या भावाचा शोध हवा, शाळेतलं नाव ठाऊक नाही, घरी छोटू म्हणत. खाली शेरा होता : 'या आडनावाचे कुटुंब आढळत नाही. अर्ज निकाली.'

अक्षर तिचंच होतं. सहीही तिचीच. 'एका अक्षराने माणूस बदलतो' असं ती खिडकीशी आलेल्यांना मोठ्या तोऱ्यात सुनावत असे. आता लाजेने तिचे कान तापले.

अर्जावर फोन नंबर होता. आत्याच्या सुनेने उचलला. सासूबाई आहेत, कानांनी कमी ऐकतात, उद्याच या म्हणाली.

घरी येऊन तिने बाबांना सगळं सांगितलं, काही म्हणता काही लपवलं नाही. "ती माझ्याच खिडकीशी आली होती, बाबा. मीच तिला नाही म्हणून परत पाठवली."

बाबा रागावले नाहीत. खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ सरकले.

"म्हणजे तू पाहिलंस तिला! कशी दिसते गं?"

"मी मान वर केली नव्हती, बाबा."